लॅपटॉपकाकांचं घरगुती सर्टिफिकेट

समोरच्या घरात दोन माणसं राहतात, पण दिवसभर आवाज येतो तो कीबोर्डचा. आमची दारं समोरासमोर आहेत, मध्ये फक्त दोन पायपुसणी. सकाळी दूध आत घ्यायला मी दार उघडते तेव्हा ती टकटक सुरू झालेली असते. दुपारी गच्चीवरचे कपडे काढायला जाते तेव्हाही ती चालूच असते. इमारतीतली मुलं त्या गृहस्थांना लॅपटॉपकाका म्हणतात. मी भाऊजी म्हणते.

त्यांचं काम वेबसाइट बनवायचं. मोठ्या कंपन्यांच्या नाहीत. चष्म्याचं दुकान, रोपवाटिका, दातांचे डॉक्टर, असल्या लोकांच्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेलं टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर, म्हणजे लॅपटॉपच, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसतात. खोलीला चांगली मोठी खिडकी असताना. "खिडकीकडे तोंड केलं की लोक दिसतात," मला एकदा म्हणाले होते, "आणि लोक दिसले की ते हात करतात." हात केला तर काय बिघडतं, हे मी विचारलं नाही. काही माणसांना हात करणंसुद्धा कामासारखं वाटतं.

त्यांना बोलायची कधी गरजच पडली नव्हती, कारण दोघांच्या वाटचं ताई बोलायच्या. ताई म्हणजे त्यांची बायको. बायकांना गाडी शिकवायचा क्लास होता त्यांचा. लाल रंगाची छोटी गाडी, ताईंच्या पायाशी जास्तीचा ब्रेक, आणि स्टिअरिंगवर घामाघूम झालेली आमच्यासारखी कुणीतरी. सगळ्या जणी त्यांना क्लचताई म्हणायच्या. मलाही त्यांनीच शिकवलं. "आरशात बघ. स्वतःला नाही गं, मागच्या ट्रकला." हे रोज. पहिल्या चढावर गाडी मागे घसरली आणि मी रडायला लागले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "रड की. पण आधी इंडिकेटर दे, गाडी बाजूला घे, हँडब्रेक ओढ, आणि मग रड." अजूनही मला रडू आलं की मी आधी गॅस बंद करते.

मग एका सकाळी ताईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय हळूहळू परतला, काठी टेकत का होईना त्या घरात फिरायला लागल्या. उजवा हात अर्धामुर्धा राहिला. वाचा मात्र गेली. म्हणजे पूर्ण गेली असंही नाही. शब्द डोक्यात असतात, जिभेपर्यंत येताना वाट चुकतात, असं त्यांना बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं. समोरच्याचं सगळं कळतं, बोट ठेवून सावकाश वाचताही येतं, पण 'चमचा' म्हणायला जावं तर 'खुर्ची' बाहेर पडते. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेल्या बाईला हे किती लागलं असेल, ते मी तिच्या चेहऱ्यावर बघत होते.

भाऊजींनी मदत करायचा प्रयत्न केला आणि तिथेच घोटाळा झाला. ताईंनी 'च' म्हटला की हे सुरू, "चहा? चमचा? चष्मा? चादर? चावी?" त्यांचा कॉम्प्युटर जसा एक अक्षर टाकलं की खाली शब्दांची रांग लावतो, तसं. मनात प्रेमच होतं, पण ताईंचा शब्द अर्ध्यावर पोचलेला असायचा आणि यांची रांग त्याला धक्का देऊन पाडायची. एकदा माझ्यासमोरच झालं. ताई 'च… च…' करत होत्या, भाऊजींची यादी चांगली लांब झाली, आणि ताईंनी हातातला कप बशीत आपटला. नंतर भाऊजी मला म्हणाले, "काय हवं होतं ते कळलंच नाही." मी म्हटलं, "मला वाटतं, चूप म्हणायचं होतं." ते हसले नाहीत. मान हलवली, जणू ही शक्यता तपासून बघायची राहिली होती.

त्या दिवसापासून ताई कुणाहीसमोर बोलेनाशा झाल्या. भाऊजींसमोर नाही, माझ्यासमोर नाही, मुलाचा दूर देशातून फोन आला तर त्याच्याशीही नाही. शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या, त्यांच्यापुढे काय ते चार शब्द. बाईंनी भाऊजींना दारापाशी गाठून सांगितलं, ते मी ऐकलं, कारण दारं समोरासमोर आहेत. "माझ्या एका दिवसाने काही होत नाही. त्या रोज बोलल्या पाहिजेत. लोकांसमोर नको तर एकट्या बोलू देत, पण बोलू देत. नाहीतर आहे तेही आटत जाईल."

बाईंनीच फोनवरचं एक अ‍ॅप सुचवलं. चित्र दिसतं, आपण शब्द म्हणायचा, ते आपला आवाज आपल्यालाच ऐकवतं. ताईंनी उघडलं तर सुरुवातीलाच परवानगीचं पान, 'तुमचा आवाज आमच्याकडे पाठवला जाईल' अशा अर्थाचं. ताईंनी प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवलं आणि फोन भाऊजींच्या हातात परत दिला. विषय संपला.

म्हणून भाऊजींनी स्वतः एक पान बनवलं. तसंच, चित्रांचं, पण घरातल्या घरात चालणारं. सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर, आणि ताई आतल्या खोलीत टॅबवर ते उघडणार. बोललेलं फक्त ताईंनाच ऐकू येणार आणि पान मिटलं की पुसलं जाणार. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एवढा खटाटोप कशाला? नेटवर टाका ना, मिनिटाचं काम आहे." भाऊजी म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज उंबरा ओलांडणार नाही, असं सांगितलंय मी तिला."

आणि ताईंना सांगताना त्यात आणखी एक वाक्य होतं. "कुणी ऐकणार नाही. मीसुद्धा नाही."

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. सकाळचं आवरलं की ताई टॅब घेऊन आत जायच्या, दार लावायच्या, आणि भाऊजी कानांवर हेडफोन चढवायचे. मोठे, कान पूर्ण झाकणारे. मी एकदा विचारलं, "काय ऐकता हो?"

"काही नाही."

"मग?"

"कान झाकायला घालतो, वहिनी. दार पातळ आहे."

हा माणूस आपल्याच बायकोचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानांवर रिकामे हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून बसायचा. आणि घरात दुसरा आवाज कुठला तर त्याच्याच बोटांचा.

आता ते सर्टिफिकेटचं सांगते. मला हे कळायचं कारण, दुपारी मटार नाहीतर घेवडा घेऊन मी त्यांच्याकडे सोलायला जाऊन बसते. घरात माणसाची चाहूल असावी म्हणून. शेंगा सोलता सोलता विचारलं की भाऊजी समजावून सांगतात, आणि कामाचं बोलताना ते बरेच बोलतात.

झालं होतं असं, की ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट बघतो ते, कुणालाही मायक्रोफोन उघडू देत नाही. समोरचा कोण आहे आणि मध्ये कुणी कान लावून बसलेलं नाही ना, याची त्याला आधी खात्री हवी. भाऊजी स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्वतःचंच पान उघडायचे तेव्हा प्रश्न नव्हता. आपल्याच घरात आपल्याला ओळखपत्र कोण मागतं? पण टॅब आतल्या खोलीत, वायफायवरून येणार. त्याच्या लेखी बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर परका. म्हणून तो सर्टिफिकेट मागतो. मोठ्या वेबसाइटना ते देणाऱ्या संस्था असतात, त्यांची नावं ब्राउझरला आधीपासून माहीत असतात. घरातल्या कॉम्प्युटरला कोण देणार? भाऊजींनी त्याचं सर्टिफिकेट त्याच्याचकडून लिहून घेतलं होतं. हा मीच आहे, खाली सही माझीच.

मी म्हटलं, "म्हणजे लग्नाच्या वेळी मुलानेच चौकशी करून मुलीकडच्यांना कळवायचं, की मुलगा फार चांगला आहे."

त्या दिवशी मात्र भाऊजी हसले. "अगदी तसंच. आणि ब्राउझर म्हणजे मुलीचा बाप."

बाप काही ऐकत नाही. पान उघडण्याऐवजी तो लाल त्रिकोणाचं एक इशाऱ्याचं पान दाखवतो. भाऊजी त्याला लाल पान म्हणायचे. त्यात खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रगत' असं लिहिलेलं असतं, ते दाबलं की आत 'तरीही पुढे जा'. ते दाबायचं की काम होतं. "आमच्या धंद्यात सगळेच दाबतात," भाऊजी म्हणाले. "सर्टिफिकेट नीट करायचं म्हणजे वेळ जातो. नंतर करू म्हणतो आणि दाबत राहतो." एकदा दाबलं की टॅब ते काही दिवस लक्षात ठेवायचा, मग विसरायचा आणि पुन्हा लाल पान. म्हणून रोज सकाळी भाऊजी टॅब आधी स्वतः उघडायचे, लाल पान असेल तर बाजूला सारायचे, आणि मग ताईंच्या हातात द्यायचे. ताईंनी ते पान कधी पाहिलेलंच नव्हतं.

एका सकाळी भाऊजींना दातांच्या डॉक्टरांकडे त्यांच्या वेबसाइटच्या कामासाठी जावं लागलं. गडबडीत टॅब तसाच राहिला. ताईंनी वाट पाहिली असेल, मग स्वतःच घेतला.

ते परत आले तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. टॅब उशीखाली. बरं नाही का, विचारलं, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी टॅब हातात द्यायला काढला तर त्यांनी तो घेतला आणि पुन्हा उशीखाली सरकवला. दार लावलं नाही, आत बसल्या नाहीत. तोंडातून अवाक्षर नाही. शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांच्यापुढेही ओठ मिटलेले. बाईंनी जाताना भाऊजींकडे असं पाहिलं, की मी आपलं दार हळूच लोटून घेतलं.

आणि मग टकटकही थांबली. सकाळी दार उघडलं तर शांत. दुपारी शांत. इतक्या दिवसांत त्या आवाजाचा मला कंटाळा आला होता असं मला वाटत होतं. तो बंद झाल्यावर जिन्यातून जाताना माझा पाय आपोआप हळू पडायला लागला.

भाऊजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. बेल न वाजवता. मीच केर भरायला दार उघडलं म्हणून दिसले.

"वहिनी, जरा तिच्याजवळ बसता का? माझ्याकडे बघतही नाही ती."

"भांडलात?"

"भांडायला तरी बोलावं लागतं ना."

मी शेंगांची परडी घेतली आणि गेले. ताईंच्या पलंगाशेजारी बसून सोलत राहिले. काही विचारलं नाही. हेही त्यांनीच शिकवलेलं: पुढची गाडी अडली असेल तर हॉर्न वाजवून ती लवकर सुरू होत नाही. अर्धी परडी झाली असेल, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशीखालून टॅब ओढला, सुरू केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. लाल त्रिकोण. खाली अक्षरं. त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं. बोट पुढे सरकलं. तुमचे. कनेक्शन. खाजगी. नाही. मग खालच्या ओळीत, कुणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतं, त्यातल्या 'कुणीतरी'वर बोट थांबलं. तिथून उचललं आणि बाहेरच्या खोलीकडे रोखलं. मग स्वतःच्या कानावर ठेवलं.

"नाही हो ताई," मी म्हटलं. "ते तर कान झाकून बसतात."

ताईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला चांगलं ओळखीचं होतं. आरशात ट्रक दिसत असताना 'नाही हो, मागे काही नाही' म्हणणाऱ्या शिष्येकडे त्या असंच बघायच्या.

भाऊजींना मी स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. ते ओट्याला टेकून ऐकत होते, ऐकता ऐकता स्टुलावर बसले.

"मी ते पान इतक्यांदा बाजूला सारलंय," म्हणाले, "की ते कुणी वाचतं, हेच विसरलो होतो."

"मग आता जाऊन सांगा ना ताईंना. घोटाळा आहे म्हणावं, बाकी काही नाही."

"काय सांगू? पानाकडे लक्ष देऊ नकोस, माझ्यावर विश्वास ठेव? चोरसुद्धा हेच म्हणेल, वहिनी."

नळ थोडा गळत होता, तो मी घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी टकटक पुन्हा सुरू झाली. दुकानं, रोपवाटिका, सगळं बाजूला. आजवर नंतर करू म्हणून टाळलेलं काम ते आता करत होते. मी शेंगा सोलत विचारलं तर म्हणाले, नवऱ्या मुलाने स्वतःचं कौतुक स्वतः करून चालत नाही ना, म्हणून घरातच एक वडीलधारं माणूस नेमायचं. म्हणजे सर्टिफिकेट देणारी छोटी संस्था आपणच काढायची, तिच्याकडून कॉम्प्युटरला सर्टिफिकेट द्यायचं, आणि टॅबला एकदाच त्या संस्थेची ओळख करून द्यायची, की हिने सही केली असेल तर मान. मग लाल पान पुन्हा येणार नाही.

टॅब उशीखाली होता, म्हणून आधी स्वतःच्या जुन्या फोनवर करून बघत होते. कॉम्प्युटरने काही कुरकुर केली नाही. फोन मात्र लालच, कारण त्याला ती संस्था ठाऊक नव्हती. ओळख करून दिली. पुन्हा लाल.

"अहो, मग काय उपयोग?"

"नाही, बघा तरी. आधी म्हणत होता, सही करणारा कोण ते माहीत नाही. आता म्हणतोय, सही ओळखीची आहे, पण सर्टिफिकेटवर नाव एक आणि मी आलोय दुसऱ्याच पत्त्यावर. तक्रार बदलली."

"आणि हे चांगलं?"

"फार चांगलं. तक्रार बदलली म्हणजे काम पुढे गेलं."

मी म्हटलं, "हे मला सासूबाईंच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

सर्टिफिकेटवर कॉम्प्युटरचं नाव होतं, पण फोन त्याला घरातल्या वायफायच्या नंबरावरून शोधत येत होता. भाऊजींनी तो नंबरही सर्टिफिकेटात घातला, आणि हा नंबर आता बदलायचा नाही असं राउटरला बजावून ठेवलं. फोनवर पान उघडलं. पांढरं, स्वच्छ, मध्यभागी चमच्याचं चित्र. भाऊजी बराच वेळ त्या चमच्याकडे बघत होते.

"आता टॅब," मी म्हटलं.

"आता टॅब," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

त्याचं कारण आत गेल्यावर कळलं. ताई पलंगावर बसल्या होत्या. भाऊजींनी त्यांच्याकडे टॅब मागितला नाही. समोर खुर्ची ओढून बसले, आणि ज्या माणसाला मी एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, तो बोलायला लागला. लाल पान काय होतं, ते का यायचं, आपण रोज सकाळी ते गुपचूप कसं सारून द्यायचो. "तुला दाखवायला हवं होतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून तुलाही वाटणार नाही असं धरून चाललो." ताई ऐकत होत्या. चेहरा हलत नव्हता.

"आता नीट केलंय. पण ते टॅबमध्ये घालायचं तर टॅब पुन्हा एक इशारा देतो. तो मी वाचतो, तू बघ." त्यांनी आपला फोन पुढे धरला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचलं. तुमचा डेटा खाजगी राहणार नाही. या सर्टिफिकेटचा मालक तो पाहू शकेल. मी मनात म्हटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण.

"आणि हे खरं आहे," भाऊजी म्हणाले. "या संस्थेची एक मूळ किल्ली असते, म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल. ती ज्याच्याकडे असेल त्याने मनात आणलं तर तो मध्ये बसून ऐकू शकतो. मी ऐकलेलं नाही. पण ते तुला दाखवता येत नाही मला. म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवत नाही."

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. किल्ली त्यात उतरवून घेतली होती. लॅपटॉप आत आणून, ताईंच्या पुढ्यात धरून, कॉम्प्युटरवरची मूळ किल्ली पुसली. पेनड्राइव्ह त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"सर्टिफिकेटची मुदत संपली की नवीन करायला मला हा तुझ्याकडे मागावा लागेल. आणि टॅबला आता लॉक ठेवावं लागतं, त्याशिवाय तो हे आत घेत नाही. लॉक तू ठेव. मला सांगू नकोस."

ताईंनी पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला. मग टेबलाचा खण ओढला आणि आतून एक किल्ल्यांचा जुडगा काढला. लाल गाडी विकली त्याला बरेच दिवस झाले होते, पण तिची एक जादा किल्ली त्यांनी ठेवून घेतली होती, ते मला तेव्हा दिसलं. त्याच कडीत पेनड्राइव्ह अडकवायला त्यांना डाव्या हाताने फार वेळ लागला. भाऊजींचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

मग ताईंनी टॅब घेतला, आमच्याकडे पाठ केली, आणि लॉकचे आकडे घातले. भाऊजी कुठे काय दाबायचं ते मागून सांगत होते, छताकडे बघत. इशाऱ्याच्या पानावर ताई थांबल्या. पुन्हा एकदा शेवटपर्यंत बोट फिरवून वाचलं. मला वाटलं, आता खाली ठेवतात. त्यांनी दाबलं.

चमचा आला. लाल काही नाही.

ताईंनी काठी उचलली आणि तिच्या टोकाने आम्हा दोघांना दार दाखवलं. अगदी पूर्वीसारखं, 'उतरा आता, पुढची बाई थांबलीय' अशा थाटात. आम्ही बाहेर आलो. दार लागलं. भाऊजींनी हेडफोन चढवले आणि भिंतीकडे तोंड केलं.

इथे सगळं दुरुस्त झालं म्हणायला हवं. पण दुरुस्त झालं की नाही, हे कळायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. पान मिटलं की आवाज पुसला जाणार. टॅबचं लॉक त्यांना ठाऊक नाही. किल्ली खणात. दारामागे बायको बोलते आहे की नुसती चमच्याच्या चित्राकडे बघत बसली आहे, हे विचारायचं नाही असं त्यांनीच ठरवलेलं. जेवताना दोघं समोरासमोर बसायचे, वाटी सरकवायचे, पाणी ओतायचे. मी काही द्यायला गेले तर चमच्यांचा आवाज ऐकू यायचा, बाकी काही नाही.

मी एकदा विचारलंच, "बोलतात का हो ताई?"

"माहीत नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आवाज बसलेला नाही. म्हणजे वापरात असावा." आणि परत कीबोर्डकडे वळले. गंजलेली मोटार तपासून मेकॅनिकने सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं, पण वळताना हेडफोन उलटे घातले गेले, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

परवा सकाळची गोष्ट. त्यांचा एक डबा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला गेले. माझ्यासाठी त्यांचं दार नुसतं लोटलेलं असतं. भाऊजी नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले होते, कानांवर हेडफोन, पडद्यावर कुणाची तरी रोपं. त्यांच्या पाठीमागे आतल्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. वाऱ्याने नाही. ताईंची काठी उंबऱ्यावर आडवी घातलेली होती, दार मिटू नये म्हणून.

आतून आवाज येत होता. जाडसर, अडखळत, पण त्यांचाच.

"रविवार. सोमवार. मंगळवार. बु… बु…"

थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून.

भाऊजींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. बोटं चालू होती. मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर बोट टेकवलं. त्यांनी वळून पाहिलं. मी आतल्या दाराकडे, खालच्या काठीकडे बोट दाखवलं. त्यांनी आधी एका कानावरचा हेडफोन सरकवला. मग दोन्ही काढून मांडीवर ठेवले.

"रविवार. सोमवार. मंगळवार. बु…"

ते अर्धवट उठले आणि परत बसले. त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. पुढचा शब्द त्यांच्या तोंडात आख्खा तयार होता, मला दिसत होता. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

"बु…"

आत बराच वेळ शांत. भाऊजींचा हात तोंडावर तसाच. मग आतून एक मोठा श्वास ऐकू आला, आणि ताईंनी पुन्हा रविवारपासून सुरू केलं.

डबा मी टेबलावर ठेवला नाही. झाकणाचा आवाज झाला असता. तसाच पोटाशी धरून घरी आले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत समोरून कीबोर्ड वाजला नाही.